तांडेलमामांची गाठ

तांडेलमामांना पत्ता सांगून उपयोग नसे. इमारतीचं नाव, गल्ली, मजला, खोलीचा नंबर, सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "ता ऱ्हवांदे. खुणो सांग. दोन." एकच खूण सांगितली तर मान हलवायचे. एक खूण कुठूनही दिसते, दोन खुणा एकामागे एक आल्या की आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर किनाऱ्यावरची देवळं, डोंगर आणि माड एका रेषेत धरून त्यांनी तांडेल म्हणून गलबत हाकलं होतं, आणि आमच्या गोरेगावातही ते तसेच चालत. बाकीची माणसं दुकानांच्या पाट्या वाचतात, मामा इमारतींच्या गच्च्या वाचत. पाय जरा फाकलेले, मान वर आणि स्वारी रस्त्याच्या मधोमध. मागून रिक्षावाला काय काय बोलतोय याचा त्यांना पत्ताही नसे.

ते माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या गावचे, देवगडच्या बाजूचे. गावाच्या नात्यानं सासूबाईंचे भाऊ, म्हणून माझ्या नवऱ्याचे मामा, आणि लग्न झाल्यावर माझेही. मंगलोरकडून कौलं भरायची आणि गुजरातेत नेऊन उतरवायची, हा त्यांच्या गलबताचा धंदा. वाटेत मढच्या खाडीत नांगर पडे. गोडं पाणी आणि डिझेल भरून घेईपर्यंत एक दिवस, फार तर दीड दिवस मिळायचा. खलाशी अंधेरीला सिनेमा बघायला पळत. मामा बसनं मालाडला येत आणि तिथून चालत आमच्याकडे. हंगामात असे दोन-तीनदा.

मी मुलुंडची, सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या वरण-भाताच्या घरातली. मामा पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी पिशवीतून सुके बांगडे काढले आणि मी सुनेचा सगळा शहाणपणा विसरून सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांनी तेही तिथं आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते कपड्यांच्या दोरीकडे बघत होते. ओल्या चादरीनं दोरी पार पोटापर्यंत खाली आली होती.

"ही गाठ कोणी मारल्यान?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चादर माझ्या हातात दिली, माझी गाठ सोडली आणि डाव्या हातानं पुन्हा बांधली. मामा डावरे. दोन वेढे, वरून एक मुरड आणि टोक उलट्या अंगाला. मला राग आला. नव्या घरात माझ्या मालकीची म्हणावी अशी ती एकच दोरी होती. सासूबाई आतून हसत म्हणाल्या, "अगो, गलबतावर तांडेलानं कुणाची गाठ सोडून परत मारली ना, तर तो खलाशी दिवसभर जेवत नाही. तू निदान जेव तरी." मी जेवले. दोरी त्यानंतर कधी खाली आली नाही, हे नाइलाजानं कबूल करावं लागतं.

आमच्या घराच्या त्यांच्या दोन खुणा म्हणजे शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचा ताड. टाकीवर ताड उगवल्यासारखा दिसला की डावीकडे वळायचं. एका वर्षी पलीकडच्या सोसायटीनं तस्सीच टाकी बांधली आणि मामा थेट तिथल्या तिसऱ्या मजल्यावर गेले. दार एका गुजराती बाईंनी उघडलं. मामा "बाय आसा काय?" म्हणत आत जाऊन बसले. बाईंना वाटलं सासऱ्यांचे कुणी ओळखीचे, त्यांनी चहा केला, वर ठेपले दिले. अर्ध्या तासानं त्यांचे सासरे आले तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे आल्यावर मामा चिडून म्हणाले, "खूण बदलली तर माणसान सांगूक नको?" तेव्हापासून ताडामागचा टीव्हीचा अँटेना त्यांनी तिसरी खूण म्हणून धरला. ठेपल्यांची मात्र पुढे कितीतरी दिवस आठवण काढत.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मामा आमच्याकडे ठेपले खायला किंवा दोऱ्या बांधायला येत नव्हते. ते भावाला शोधत होते. सासूबाईंनी मला ते एका दुपारी सांगितलं. सदा मामांहून पंधरा वर्षांनी लहान, बाप गेल्यावर मामांनीच वाढवलेला. त्यांच्याच गलबतावर खलाशी होता. एकदा पहाटेच्या धुक्यात खाडीत शिरताना मामांनी त्याला पुढे उभं केलं आणि देवळाचा कळस दिसला की ओरड म्हणून सांगितलं. सदाला पांढरं काहीतरी दिसलं, तो ओरडला, मामांनी सुकाणू वळवलं. ते देऊळ नव्हतं. कुणा शेठनं नवा चुना काढलेला बंगला होता. गलबत वाळूत बसलं ते पुढच्या भरतीपर्यंत. मामांनी सगळ्या खलाशांसमोर सदाच्या थोबाडीत दिली आणि म्हणाले, "खोटी खूण दाखवणारो माका गलबतार नको." मुंबईला पोचल्यावर सदा उतरला तो परत चढलाच नाही. मामांना वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. भरती आली, सदा आला नाही.

दोन वर्षांनी गावाला आईच्या नावानं एक कार्ड आलं. वर पत्ता नाही, टपालाचा शिक्का पुसट. "सुखी आसंय. दारातसून देवळाचो कळस दिसता, कळसाच्या पाठी डोंगर. काळजी करू नको." एवढाच मजकूर. म्हातारी ते कार्ड उशाखाली घेऊन झोपायची आणि मामा निघाले की दर खेपेला एकच विचारायची, "देऊळ गावला?" तिला दम्यानं घेरलं होतं. सदा तिच्या डोळ्यांना दिसायला हवा होता, आणि मामांच्या हातात दर खेपेला एक दिवस होता.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. सकाळची शाळा, दुपारी मोकळी, त्यामुळे मामांबरोबर फिरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत मुंबईचा नकाशा पसरला. मामांनी तो इकडून तिकडून बघितला. "ह्या सगळा घारीन बघल्यासारखा," ते म्हणाले. "माणूस खालसून चालता." नकाशा घडी घालून मी परत शाळेच्या कपाटात ठेवला. पण डोंगर म्हणजे आमच्या उपनगरांच्या मधला तोच एक, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांची देवळं बघायची, एवढं माझं म्हणणं त्यांनी मानलं. तीन हंगामांत आम्ही बोरिवली पालथी घातली, कांदिवली झाली, एकदा पलीकडे माझ्या माहेरी मुलुंडलाही जाऊन आलो. मामांची पद्धत ठरलेली. देवाला नमस्कार करायचा, मग देवाकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोरच्या घरांची दारं बघायची. "दारातसून कळस दिसता, तर कळसाकडसून दार दिसाक व्हया." मग त्या प्रत्येक दारात जाऊन सदाची चौकशी. कुणी नीट उत्तर देई, कुणी वर्गणी मागायला आले समजून दार लावून घेई. भरतीची वेळ जवळ आली की मामा आकाशाकडे बघत आणि म्हणत, "चल गो, पाणी वाट बघूचा नाय."

त्या फेब्रुवारीत मामा आले तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि समोर बघत राहिले. पूर्वेला, आरेच्या झाडीपलीकडे, मागच्या खेपेला जिथं नुसती टेकडी होती तिथं पांढरंशुभ्र शिखर उभं होतं. वर सोनेरी कळस. पाठीला डोंगर.

"ता काय?" मामांनी विचारलं.

मलाही माहीत नव्हतं. नवीन देऊळ बांधलं असेल, म्हटलं. नवीन देऊळ चार वर्षांपूर्वीच्या कार्डात कसं येईल, हा प्रश्न भूगोलाच्या बाईंना सुचला नाही. मामांच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाच सुचला नसता. त्यांनी चहाही घेतला नाही.

बस जिथं थांबली तिथून पुढे चढ होता आणि चढावर एक मोठं फाटक. फाटकावरच्या वॉचमनला मी म्हटलं, "देवळात जायचंय, दर्शनाला." त्यानं आम्हा दोघांकडे नीट बघून घेतलं, हसला आणि म्हणाला, "जाओ ना, बाई. दर्शन करो." तो का हसला ते मला चढ संपल्यावर कळलं. आजूबाजूला मोठे दिवे, केबल, पत्र्याची शेड. सिनेमाचा स्टुडिओ होता तो. मी मामांना थांबवणार तोवर त्यांनी पायऱ्यांशी चपला काढल्या, चार पायऱ्या चढले आणि हात उंच करून घंटा वाजवली. घंटेचा आवाजच आला नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.

"काका, राहू द्या, थर्माकोलची आहे," आतून एक सुतार बाहेर आला. "आणि चपला घाला, खिळे पडलेत. देव नाहीये आत. उद्या हिरोईन येणार आहे फक्त."

मामा आत डोकावले. गाभारा नव्हता. पलीकडे उघडं आकाश आणि बांबूंची परांची. त्यांनी खांबावर बोटानं टकटक केलं, खांब पोकळ वाजला. मग ते सावकाश खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. इतकं सारं हिंडून आम्ही एका प्लायवूडच्या देवळाला येऊन लागलो होतो, आणि तेही माझ्या गॅलरीतून.

"सदान हीच चूक केल्यान त्या दिवशी," मामा म्हणाले. "बंगल्याक देऊळ समाजलो. त्येका तर धुक्यात दिसला नाय. हंय लख्ख ऊन आसा." मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "त्येका मी मारलंय. माका कोण मारतलो?"

मी त्यांना पाणी आणायला म्हणून देवळाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं सगळा सांगाडा उघडा होता, बांबूला बांबू बांधलेला, शेकडो गाठी. पाण्याचा पिंप शोधता शोधता माझी नजर एका गाठीवर गेली आणि तिथंच राहिली. दोन वेढे, वरून मुरड. ही गाठ मी गेली तीन वर्षं रोज बघत होते. फरक एवढाच, की माझ्या गॅलरीत टोक डावीकडे होतं आणि इथं उजवीकडे.

"मामा," मी हाक मारली, "जरा इकडे या."

मामांनी गाठीला हात लावला, मग दुसरीला, मग तिसरीला. मी सुताराला विचारलं, ह्या गाठी कुणाच्या. "आमच्या दोरीवाल्याच्या, सदाच्या," तो म्हणाला. "झकास माणूस. त्याचं बांधलेलं वादळात पण हलत नाही. पण तो नाहीये ना इथं, शूटिंगला बाहेरगावी गेलाय. आठ-दहा दिवस लागतील."

सुतारानं खोली दाखवली. स्टुडिओच्या मागे उतारावर पाच-सहा खोल्या, सदाच्या दाराला कुलूप. मामा दाराला पाठ लावून उभे राहिले. समोर तो कळस, पाठी डोंगर. सुतार सांगत होता, चार वर्षांपूर्वी अगदी ह्याच जागी असंच मोठं देऊळ लावलं होतं, सात-आठ महिने ठेवलं, मग मोडलं. सदाची ही इथली पहिली नोकरी. म्हणजे कार्डात लिहिलेलं खरं होतं. खोटी खूण दाखवतो म्हणून ज्याला हाकललं, त्यानं आईला आपली खरी खूण कळवली होती. देऊळ तेवढं जागेवर राहिलं नव्हतं.

मी म्हटलं, मामा, थांबा ना आठ दिवस. ते म्हणाले, "अकरा माणसा आसत गलबतार. कौलां आसत. थांबान कसा चालात?" पण निघण्याआधी ते पुन्हा देवळाच्या मागे गेले, खांद्याएवढ्या उंचीवरची सदाची एक गाठ सोडली आणि डाव्या हातानं आपली मारली.

"अहो काका, देऊळ पडेल ना," सुतार म्हणाला.

"माझ्या गाठीन पडूचा नाय."

मी एका कागदावर आमचा पत्ता लिहून सुताराकडे दिला. मामांनी सांगितल्याप्रमाणे खाली टाकी, ताड आणि अँटेनाही लिहिला. संध्याकाळच्या भरतीवर मामा गेले.

नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. सासूबाई बाहेर गेल्या होत्या. दारात तिशीचा माणूस उभा, पाय जरा फाकलेले. मला ओळख विचारावीच लागली नाही. "हंय तांडेल येता काय?" त्यानं विचारलं. मी आत या म्हटलं तर तो खुर्चीवर न बसता सरळ गॅलरीत गेला आणि दोरीची गाठ चाचपली. "ही दादाची," तो म्हणाला. मला वाटलं, आता रडेल. पण तो वळला तेव्हा त्याचा चेहरा ताठ होता.

"माझी गाठ सोडल्यान आणि आपली मारल्यान," तो म्हणाला. "सा वर्सांनी इलो, आणि चूक काढून गेलो. सांगा त्येका, माझा काम माका येता." आणि तो दाराकडे निघाला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी हसत सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. मामांनी मागे ठेवलेला निरोप गलबतावरच्या माणसानं गलबतावरच्या रीतीनं वाचला होता. ते बांधत असताना मी शेजारी उभी होते आणि मला हे सुचलं नव्हतं. मी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिले. शाळेतला आवाज काढून म्हटलं, "धाकटे मामा, बसा खाली. अर्धाच निरोप मिळालाय तुम्हाला." आणि पायरीवर बसून मामा जे बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं. मालवणी मला नीट येत नाही. एरवी माझं बोलणं ऐकून कुणीही हसलं असतं.

सदा ऐकत राहिला. "माका कोण मारतलो, असा म्हणालो?"

"हो."

"दादा म्हणालो?"

"हो. पायरीवर बसून."

मग तो तिथंच, दाराशी, जमिनीवर बसला. मी पाणी दिलं. त्यानं पेला हातात धरून ठेवला आणि विचारलं, "आवस आसा?" आई आहे म्हटलं. तेव्हा मात्र तो रडला.

गलबत गुजरातेतून परतताना मढला लागणार म्हणून पुढचा आठवडाभर कामावर दांडी मारून तो मढच्या धक्क्यावर बसून होता. रविवारी मी आणि माझा नवरा त्याच्यासाठी डबा घेऊन गेलो, आणि त्याच दुपारी गलबत खाडीत शिरलं. ते धक्क्याजवळ आलं तसा एक खलाशी दोर फेकायला पुढे झाला. मामांनी त्याच्या हातून दोर घेतला. धक्क्यावर कोण उभं आहे ते त्यांना दिसलं होतं. त्यांनी डाव्या हातानं दोर फेकला आणि म्हणाले, "बांध."

सदानं खुंटाला दोर बांधला. मामा खाली उतरले. अकराच्या अकरा खलाशी कठड्याशी येऊन उभे होते आणि सगळ्यांचे डोळे त्या खुंटावर होते. माझेही. मामा खुंटाजवळ थांबले, वाकून गाठ बघितली. मग सरळ झाले. गाठीला त्यांनी हात लावला नाही. तो डावा हात त्यांनी सदाच्या गालावर ठेवला, जिथं एकदा मारला होता तिथंच, आणि म्हणाले, "आवस वाट बघता. भरती चार वाजता."

आम्ही नेलेला डबा दोघा भावांनी मिळून खाल्ला. चार वाजता सदा अंगावरच्या कपड्यांनिशी गावाला गेला. म्हातारी त्यानंतर दोन वर्षं होती. सदा महिन्याभरानं गोरेगावला परत आला, त्याचं काम इथंच होतं. मामा खेपेला आले की आता आमच्याकडे अर्धाच दिवस थांबत, उरलेला अर्धा देवळं बांधणाऱ्या भावाकडे. कधी मला म्हणत, "बरी बांधता हो. पण सगळी खोटी."

पुढे लोक घरांवर स्लॅब घालायला लागले, कौलांच्या खेपा कमी झाल्या आणि एका हंगामात गलबत आलंच नाही. मामा गावीच वारले, ऐन पावसाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. तार सदाकडे आली, तो वेळेवर पोचला. तेरावा करून परतल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे आला आणि नेहमीसारखा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"तिरडी मीच बांधलंय," तो म्हणाला. "सगळ्यो गाठी मारून झाल्यो, आणि सवयीन मी वांयच थांबलंय. दादा येऊन बघतलो म्हणान."

"मग?"

"मग कोण इलो नाय. उचललाव."

त्याचा हात दोरीच्या गाठीवर होता. मी चहा टाकायला आत गेले.